मी बरी आहे, तू जेवला का?



आजचं वाचन : गीता, अध्याय १७, श्लोक १५. सोबत माउलींच्या त्यावरच्या ओव्या.

या अध्यायात भगवंत तप तीन ठिकाणी वाटून देतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, सोळाव्यात मनाचं आणि मधल्या पंधराव्यात वाणीचं. वाणीच्या तपाची व्याख्या अगदी छोटी आहे. ज्याने ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ होत नाही, जे खरं आहे, जे कानाला गोड आहे आणि जे त्याच्या हिताचं आहे, असं बोलणं. शिवाय स्वाध्याय, म्हणजे नेमाने पाठ करणं. बस, एवढंच.

खरं सांगू? हा श्लोक मी वर्षानुवर्षं ऑफिसच्या मेलसाठी वापरला. कोड रिव्ह्यूमध्ये कोणाची चूक दाखवायची असली की हा आठवायचा. खरं बोला पण गोड बोला, असा सोयीचा अर्थ काढून मी मोकळा व्हायचो. घरी फोनवर बोलताना हा श्लोक लागू होतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईशी बोलायला कसलं आलंय तप?

माझी आई दारव्ह्याला एकटी राहते. यवतमाळहून चाळीसेक किलोमीटरवर. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, म्हणून गल्लीत अजून सगळे तिला 'बाई'च म्हणतात. बाबा २०१९ मध्ये गेले. मी पुण्यात, चौदाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, मीही एकटाच. आईला पुण्याला आणायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा ती तिसऱ्या आठवड्यात "माझी प्रार्थना बुडून राहिली" म्हणून परत गेली. ही प्रार्थना म्हणजे तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गावोगावी संध्याकाळी माणसं एकत्र बसून ही प्रार्थना म्हणतात. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून निघालेली ही रीत आहे. आई ती चुकवत नाही. मी म्हटलं, "पुण्यात घरी बसून म्हण ना." ती म्हणाली, "सामुदायिक आहे बाबू ती. एकट्याने कशी म्हणायची?"

त्यामुळे आमचा सगळा संसार फोनवर. प्रार्थना आटोपून ती घरी आली की रात्री साडेआठला कॉल. गेली कित्येक वर्षं एक दिवस खंड नाही, याचा मला फार अभिमान होता. मित्रांना सांगायचो, "मी रोज आईशी बोलतो." ऐकणारा म्हणायचा, "भारी आहेस यार, मी आठवड्यातून एकदा करतो." मला बरं वाटायचं.

एकदा सहज कॉल लॉग बघितला. बहुतेक कॉल चार मिनिटांच्या आतले. आणि त्या चार मिनिटांत काय असायचं, ते मी न ऐकता लिहून देऊ शकतो.

"जेवला का?"
"हो. तू?"
"झालं. काय होतं?"
"पोळी-भाजी. तब्येत?"
"मी बरी आहे. ऊन लय आहे इकडे. ऑफिस?"
"मस्त. गोळ्या घेतल्या ना?"
"घेतल्या. ठेवू मग?"

आमच्या कामात एक प्रकार असतो. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बघायला दर काही सेकंदांनी त्याला एक हाक मारतात. त्याने "हो, आहे" म्हटलं की झालं, बोर्डावर हिरवा दिवा. गंमत अशी की आत डेटाबेस बंद पडलेला असू शकतो, लोकांचे पैसे अडकलेले असू शकतात, पण त्या हाकेला तो इमानदारीने "आहे" म्हणत राहतो. कारण त्याला फक्त तेवढंच विचारलेलं असतं. असे हिरवे दिवे बघून निवांत झोपलेले इंजिनिअर मी पाहिले आहेत. त्यातला एक मी.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत असेल, पंचेचाळीसच्या आसपास पारा, आणि प्रत्येक घरात खिडकीला कूलर. कूलर म्हटलं की दिवसातून दोनदा पाणी भरणं आलं. आईने फोनवर सांगितलं, "माझा मोबाइल पडला. व्हिडिओ लागत नाही आता, नुसताच बोलत जा." मी म्हटलं, नवीन पाठवतो. "नको, आवाज येते ना, बस झालं." मग तिचे सकाळचे सुविचार आणि फुलांचे फोटोही बंद झाले आणि त्याऐवजी व्हॉइस मेसेज यायला लागले. मला वाटलं, वा! आई व्हॉइस मेसेज शिकली. मी तिचं कौतुकही केलं.

जवळजवळ तीन आठवड्यांनी एक व्हॉइस मेसेज आला. आई काहीतरी लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलत होती. शेवटच्या दोन सेकंदांत मागून शेजारच्या काकूंचा आवाज : "बाई, तो हात खाली नका ठेवू, सुजन येईन."

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. मग काकूंना फोन केला. त्या आधी उडवाउडवी करत होत्या, मग रडायलाच लागल्या. आईने त्यांना शपथ घातली होती. कूलरमध्ये पाणी भरताना बादलीसकट आई अंगणात पडली. उजवं मनगट मोडलं. काकूंच्या मुलाने यवतमाळला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं, प्लास्टर घालून आणलं. व्हिडिओ बंद होता तो म्हणून. टाइप करता येत नव्हतं म्हणून व्हॉइस मेसेज.

आणि मोबाइल पडला होता, हेही खोटं नव्हतं. तिच्यासोबतच पडला होता. हातात होता.

हे कळल्यावर मला कोणाची आठवण आली असेल तर धर्मराजाची. द्रोणपर्वातला तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला, हे वाक्य अक्षरशः खरं होतं, कारण त्या नावाचा हत्ती मेला होता. पण द्रोणांच्या मनात जायला हवं होतं ते नेमकं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. आजपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या दिवशी खाली टेकला, असं व्यास सांगतात. माझी आई आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवत आली. पोराला काळजी नको म्हणून तिने मोबाइलचा हत्ती केला.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कारंजा, तिथून सकाळची एसटी धरून दारव्हा. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होतो. दार तिनेच उघडलं, डाव्या हाताने. मला बघून आधी तिचा चेहरा फुलला आणि लगेच पडला.

"सांगितलं काहून नाही?" मी दारातच ओरडलो.

"तू काय करणार होता तिथून? प्लास्टर लावणार होता?"

"ते मी ठरवलं असतं ना!"

ती काही बोलली नाही. पाणी आणलं, तेही डाव्या हाताने, अर्धं सांडत. मी बसलो. मग एकदम शांतपणे, वर्गात प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, "तू सांगतो का सगळं?"

"काय नाही सांगितलं?"

"मंगळवारी साडेअकरा वाजता तुझ्या मागे कुकरची शिट्टी वाजते. ऑफिसात स्वयंपाक सुरू केला का?"

माझी नोकरी जानेवारीत गेली होती. एका सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारी लॅपटॉप लॉक. चार महिने मी आईला "ऑफिस मस्त" सांगत होतो. दिवसा वेळच वेळ होता म्हणून अधूनमधून दुपारीही फोन करायचो, आणि मला वाटायचं, आई खूश होत असेल. तिला फेब्रुवारीतच कळलं होतं. माझ्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसमध्ये परत बोलावलंय, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. शिक्षिका ती. तिने नोंद ठेवली होती.

म्हणजे चार महिने रोज रात्री साडेआठला दोन माणसं एकमेकांना "बरं आहे" सांगत होती. तिला माझं माहीत होतं आणि ती विचारत नव्हती. मला तिचं माहीत नव्हतं, कारण मी विचारायचो ते फक्त ठराविक उत्तर यावं म्हणून.

त्या दुपारी, ती झोपल्यावर, तिच्याच टेबलावरची ज्ञानेश्वरी उघडली. सतरावा अध्याय. तिथपासून हा श्लोक माझ्यासाठी मेलचा राहिला नाही.

आता श्लोकाकडे जरा बारकाईने बघू. भगवंतांनी चार अटी घातल्या आहेत. खळबळ न करणारं, खरं, गोड, हिताचं. आम्हा मायलेकांनी काय केलं होतं? चारातल्या दोन पाळल्या. खळबळ टाळली, गोडही बोललो. तिसरं हित. ते तर आपण करतोच आहोत असं दोघांनाही वाटत होतं. सोडलं ते फक्त खरं. आणि चारात तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, असा माझ्यातल्या इंजिनिअरचा हिशेब.

शंकराचार्यांनी इथे हिशेबाला जागाच ठेवलेली नाही. त्यांच्या गीताभाष्यात या श्लोकावर ते स्पष्ट म्हणतात की या गुणांपैकी एक जरी कमी असला, तरी ते वाणीचं तप होत नाही. बोलणं खरं आहे पण प्रिय नाही, तरी नाही. प्रिय आहे पण खरं नाही, तरीही नाही. सगळे एकत्र हवेत. आणि मग ते उदाहरण देतात. एवढे मोठे आचार्य, उदाहरण किती साधं! 'शांत हो बाळा, अभ्यास कर, त्यात तुझं भलं आहे', अशा अर्थाचं वाक्य. वाचलं आणि थबकलोच. हा तर आईचा फोन आहे.

माउलींचा दृष्टांत याहून पुढे जातो. परीस लोखंडाला सोनं करतो, पण ते करताना लोखंडाचा तुकडा मोडत नाही, झिजवत नाही. तसं बोलणं हवं, की समोरच्याला दुखापत न होता तो बदलून जावा. पुढचा दृष्टांत पाण्याचा : पाणी निघालेलं असतं झाडाकडे, पण वाटेतलं गवतही त्याने जगतं. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. परीस लोखंडाला दुखवत नाही खरा, पण तो लोखंडाला शिवतो. लांब राहून, "तू आहेस तसंच छान आहेस" म्हणत नाही. आम्ही शिवणंच टाळलं होतं, आणि त्यालाच न दुखवणं समजत होतो.

हे खोटं फोनने आणलं, असंही मला वाटत नाही. जुनी पत्रं आठवा. आजोबांच्या ट्रंकेत पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक कार्डाची सुरुवात एकच : इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. मग खालच्या ओळींत बैल मेल्याचं, पऱ्हाटी बुडाल्याचं, कोणाला ताप असल्याचं. सर्व क्षेम! पण बघा, निदान खालच्या ओळी तरी होत्या. जिथे क्षेम नसायचं तिथे तार यायची, आणि तार आली की घरात न वाचताच रडारड. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मी लहान असताना दारव्ह्यात बसस्टँडजवळ एसटीडी-पीसीओ होता. पिवळी पाटी, काचेची खोली, आत लाल आकड्यांचं मीटर. रात्री दर कमी व्हायचे म्हणून बाबा जेवण करून मला घेऊन जायचे, मुंबईच्या काकांना फोन लावायला. रांग असायची. बाबांची नजर मीटरवर. तीन मिनिटांत जे बोलायचं ते सगळं खरं असायचं, कारण खोट्यावर खर्च करायला पैसेच नव्हते. "दादा, पैसे लागतात. आठशे. बाबांचं ऑपरेशन आहे." ठेवला फोन. त्या काचेच्या खोलीत मी बाबांना एकदाच रडताना पाहिलं आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, कॉल फुकट झाले, आणि आम्ही रोज बोलायला लागलो. रोज बोलता येतं म्हणून आजचं उद्यावर गेलं. उद्याचं परवावर. महागाईत खरं बोलणारी माणसं स्वस्ताईत क्षेम-कुशलावर आली, असं मला आमच्या घरापुरतं तरी दिसतं. (याचा अर्थ कॉल महाग करा असा नाही. कंपन्यांनी हे वाचू नये.)

दूर राहून जोडलेलं राहायचं कसं, याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आश्रमातली माणसं साबरमतीला. गांधीजी दर मंगळवारी आश्रमासाठी एक पत्र लिहायचे, आणि त्या पत्रांचं पुढे 'मंगलप्रभात' नावाचं छोटं पुस्तक झालं. आठवड्याला एकच पत्र. पण तब्येत, हवापाणी यात ते संपत नसे. दर खेपेला आश्रमाच्या एखाद्या व्रताचा विचार. आणि पहिलं पत्र कशावर? सत्यावर. अहिंसेवर नाही, ती दुसरी. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. न दुखवण्याचा एवढा आग्रह धरणारा माणूससुद्धा सुरुवात खऱ्यापासून करतो.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आणि हा प्रश्न मीही स्वतःला विचारला : सगळं सांगायचं का मग? रात्री दोन वाजता ईएमआयच्या विचाराने झोप उडते, ते सदुसष्ट वर्षांच्या बाईला सांगून तिची झोप उडवायची? ती तिथून काय करणार? हे खरं बोलणं आहे की आपलं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकणं?

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण आईचाच प्रश्न उलटा करून बघितला. "तू काय करणार होता तिथून?" मी काय केलं असतं? प्लास्टर नसतं लावलं, खरंय. पण काकूंना फोन करून आभार मानले असते. कूलरला पाइप जोडून द्यायला कोणाला तरी पाठवलं असतं. आलो असतो. काहीच जमलं नसतं तर निदान चार मिनिटांत फोन ठेवला नसता. तिने माझी काळजी वाचवली असं तिला वाटलं. पण तिचा मुलगा असण्याचं तीन आठवड्यांचं कामच तिने माझ्याकडून काढून घेतलं होतं. आणि मी तिच्याकडून चार महिन्यांचं आई असण्याचं. हित कशात आहे हे बोलणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नसतं, असं आता मला वाटतं. ऐकणाऱ्यालाही त्यात मत असतं. अर्थात वेळ बघावी. रात्री दोनचं रात्री दोनला सांगू नये. सकाळी सांगावं. पण सांगावं.

दुसरी एक गोष्ट त्या आठवड्यात दिसली आणि ती मला जास्त लागली. मी समजत होतो आई एकटी आहे. दारव्ह्याच्या त्या घरात मी आठ दिवस राहिलो. सकाळी काकू पोळ्या देऊन जायच्या. दुपारी प्रार्थनेतल्या एक आजी यायच्या, आईचे केस विंचरून वेणी घालून द्यायच्या, कारण एका हाताने वेणी येत नाही. आईचा एक जुना विद्यार्थी, आता किराणा दुकान चालवतो, तो कूलरमध्ये पाणी भरून जायचा. "बाई, हात कसा आहे?" असं रस्त्यावरूनच ओरडून विचारणारे किती तरी. सगळ्या गल्लीला माहीत होतं. एका मलाच नव्हतं. आणि माझी नोकरी गेल्याचं पुण्यात कोणाला माहीत होतं? सोसायटीत अडीचशे फ्लॅट. एकालाही नाही. वॉचमनसुद्धा म्हणायचा, "साहेब, आजकाल घरूनच का?" आणि मी हो म्हणायचो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यात एकांत आवडणं आणि गर्दीत मन न रमणं हे एक लक्षण आहे. हे वाचून मी कित्येकदा खूश झालो होतो, की चला, फ्लॅटमध्ये एकटा राहून मी साधनाच करतोय! पण त्याच यादीत थोडं आधी नम्रता आहे, सरळपणा आहे, गुरूची सेवा आहे. सरळपणा नसलेला एकांत म्हणजे नुसतं बंद दार. मुलगा, बायको, घर यांत न गुंतणं हेही त्याच यादीत आहे. त्यावर माउली म्हणतात, घरात असं राहावं जसा वाटसरू मुक्कामाच्या जागी बसतो, जशी वाटेत झाडाची सावली मिळते. मी आईला चिडवलं, "बघ, मुलात गुंतू नको असं लिहिलंय." ती हसून म्हणाली, "गुंतली असती तर तुझ्या चौदाव्या मजल्यावर येऊन बसली असती. वाटसरू झाडाखाली बसला तर झाडाला विचारत नाही का, पाणी मिळते का रे तुला?"

हे माउलींच्या ओवीत नाही, आईचं आहे. पण चालेल असं वाटतं.

एकटेपणाचा प्रश्न आता इतका मोठा झालाय की ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये त्यासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डर लाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मन फार जड झालं तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, तो तुमच्या-माझ्या वयाच्यांसाठीही आहे. नोकरी गेल्यावरच्या दिवसांत मी तो एकदा लावला होता. हेही आईला आता सांगितलंय. मी दोन्ही नंबर तिच्या फ्रिजवर चिकटवले. ती म्हणाली, "चांगलं आहे. पण काकू भिंतीपलीकडेच आहेत." ज्यांच्या भिंतीपलीकडे काकू नाहीत त्यांनी नंबर सेव्ह करून ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी एक करार केला. "बरी आहे" आणि "मस्त" हे दोन शब्द फोनवर बंद. दोघांनी रोज एक तरी गोष्ट अशी सांगायची जी सांगावीशी वाटत नाही. आणि श्लोकातला शेवटचा भाग, स्वाध्याय, जो मी नेहमी सोडून द्यायचो, तो फोनवरच करायचा. रोज पाच ओव्या. एक दिवस तिने वाचायच्या, एक दिवस मी. भगवंतांनी बोलण्याच्या नियमांच्या शेजारी पाठ का ठेवला असेल, ते हे करायला लागल्यावर थोडं कळलं. दोघं मिळून काही वाचत असलो की बोलण्यातले ठराविक प्रश्न आपोआप गळतात. मध्येच ती थांबते आणि म्हणते, "या शब्दावरून आठवलं, तुझ्या बाबांनी शेवटच्या महिन्यात मला एक सांगितलं होतं." अशी सांगितलेली गोष्ट चार मिनिटांत कधीच आली नसती.

करार अगदी नीट चालला असं नाही. पहिल्या आठवड्यात आईने सांगितलेल्या नको वाटणाऱ्या गोष्टी म्हणजे, "आज दुधावर साय आली नाही" आणि "काकूंच्या सुनेची भाजी खारट". मी रागावलो. मग एक दिवस म्हणाली, "रात्री लाइट गेली की भीती वाटते. आधी वाटत नव्हती." मला काय बोलावं सुचेना. मी इन्व्हर्टरच्या गोष्टी करायला लागलो. ती म्हणाली, "इन्व्हर्टर नको पाठवू, ऐक फक्त." तेव्हा खळबळ झाली माझ्या मनात, झालीच. मग मी श्लोक परत काढला. भगवंतांनी बोलणाऱ्याला सांगितलंय की खळबळ करू नको. ऐकणाऱ्याने खळबळ सोसायला शिकू नये, असं कुठे म्हटलंय?

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की इंटरव्ह्यूत पाचव्यांदा नापास झालो, आणि या वेळी माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलाने घेतला होता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोणता प्रश्न नाही आला?" मी सांगितला. तिला त्यातलं काहीही कळत नव्हतं, पण तिने पूर्ण ऐकला, आणि म्हणाली, "आता परत सांग, हळू. वर्गाला सांगतो तसं." मी परत सांगितला. सांगता सांगता मला उत्तर सापडलं.

ऑगस्टमध्ये दुसरीकडे नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे. तेही तिला त्याच दिवशी सांगितलं, आकड्यासकट. तिचं प्लास्टर निघालं, पण मनगट अजून पूर्ण वळत नाही. पोळी लाटताना कळ येते. हेही मला माहीत आहे.

काल तिची वाचायची पाळी होती. चौथ्या ओवीवर अडखळली. म्हणाली, "थांब, चष्मा बदलायला झालाय बहुतेक. अक्षर फिरून राहिलं. एक-दीड महिना झाला असेन." मी म्हटलं, दीड महिना? आणि आज सांगते?

"आजची गोष्ट हीच आहे ना," ती म्हणाली. "कालची साय होती."

उरलेली ओवी मी वाचली. या शनिवारी यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. रात्रीची गाडी पकडतोय, म्हणून रविवारचं चिंतन सोमवारी येईल.

राम कृष्ण हरी.